अस्थिमज्जेतील मूलपेशी : विलगीकरण, संवर्धन आणि परीक्षण

मोडलेले हाड काही आठवड्यांत पुन्हा सांधते, ही गोष्ट मनुष्यास फार प्राचीन काळापासून ठाऊक आहे. हाडवैद्य मोडलेला अवयव कामट्या व पट्ट्या बांधून स्थिर करी आणि उरलेले काम निसर्गावर सोपवी. परंतु हे उरलेले काम नेमके कोण करते, या प्रश्नाचे समाधानकारक उत्तर मिळण्यास विसाव्या शतकाचा उत्तरार्ध उजाडावा लागला. कठीण अस्थीच्या आत रुतून बसलेल्या प्रौढ अस्थिपेशींचे विभाजन होत नाही. तेव्हा नवे हाड घडविणाऱ्या पेशी अन्य कोठून तरी येत असल्या पाहिजेत, आणि त्यांना जन्म देणाऱ्या काही मूळच्या पेशी प्रौढ शरीरातही शिल्लक असल्या पाहिजेत, हे उघड आहे.

जी पेशी विभाजन पावून स्वतःसारखी दुसरी पेशी निर्माण करते आणि त्याचबरोबर विशिष्ट कार्य करणाऱ्या निरनिराळ्या पेशींनाही जन्म देऊ शकते, तिला मूलपेशी म्हणतात. ही दोन्ही लक्षणे एकत्र असणे आवश्यक आहे. केवळ पुष्कळ वेळा विभाजन पावणारी पेशी मूलपेशी ठरत नाही, आणि केवळ रूप पालटणारी पेशीही मूलपेशी ठरत नाही. ही व्याख्या वाचकाने ध्यानात ठेवावी. कारण पुढील सर्व विवेचन तिच्याच आधारे चालणार आहे.

मज्जेतील दोन कुळे

लांब हाडांच्या पोकळीत व चपट्या हाडांच्या आतील जाळीदार भागात जो मऊ पदार्थ असतो, त्यास अस्थिमज्जा असे नाव आहे. तिच्यात पेशींची दोन कुळे एकत्र नांदतात. पहिले कुळ रक्त निर्माण करणाऱ्या पेशींचे. दुसरे कुळ त्यांना आधार देणाऱ्या, जाळे विणणाऱ्या व पोषक द्रव्ये पुरविणाऱ्या पेशींचे. या दुसऱ्या समूहास आधार-ऊतक म्हणतात. रक्तपेशींच्या कुळात मूलपेशी असतात, याचा प्रायोगिक पुरावा टोरांटो येथील जेम्स टिल व अर्नेस्ट मॅक्युलॉक या दोघा संशोधकांनी १९६१ सालापासून प्रसिद्ध केलेल्या उंदरांवरील प्रयोगांतून मिळाला. आधार-ऊतकाविषयी मात्र तसा पुरावा अद्याप नव्हता.

मज्जेत हाड घडविण्याची शक्ती आहे, ही कल्पना जुनी होती. फ्रान्समध्ये गूजाँ याने १८६९ साली सशाच्या मज्जेचे तुकडे शरीरात अन्यत्र बसविले असता तेथे हाड तयार होते, असे दाखविले होते. परंतु मज्जेच्या तुकड्यात नाना प्रकारच्या पेशी मिसळलेल्या असतात. त्यांपैकी हाड कोणी घडविले, हे तुकडा पाहून कळणे शक्य नव्हते. तो प्रश्न सोडवावयाचा तर पेशी वेगळ्या करणे प्राप्तच होते.

मॉस्को येथील प्रयोग

हे कार्य मॉस्कोमधील गमालेया संस्थेत अलेक्झांडर फ्रीडेनश्टाइन व त्यांचे सहकारी यांनी हाती घेतले. १९६६ साली त्यांनी मज्जेतील पेशींच्या प्रत्यारोपणातून अस्थिनिर्मिती होते, हे प्रसिद्ध केले. प्रत्यारोपणाच्या जागी केवळ हाडाचा गोळा बनत नसे. एक लहानसे हाड, त्याच्या आत पोकळी आणि त्या पोकळीत रक्त निर्माण करणारी मज्जा, असा जणू एक सूक्ष्म अवयवच तयार होई.

येथे एक मार्मिक प्रश्न उभा राहिला. या सूक्ष्म अवयवातील हाड आणि त्यातील रक्त, ही दोन्ही एकाच पेशीची संतती काय? दात्याच्या पेशी व ग्राहकाच्या पेशी यांतील भेद ओळखता येईल अशी व्यवस्था करून संशोधकांनी त्याचा निवाडा केला. १९६८ साली प्रसिद्ध झालेल्या या विश्लेषणात असे दिसले की, हाड व आधार-ऊतक हे दात्याच्या पेशींनी घडविले होते, तर रक्त निर्माण करणाऱ्या पेशी ग्राहकाच्या शरीरातून येऊन तेथे वस्तीस राहिल्या होत्या. एकाने घर बांधावे आणि दुसऱ्याने त्यात राहावयास यावे, तसा हा प्रकार होता. मज्जेतील दोन कुळांची मुळे निराळी आहेत, हे यावरून सिद्ध झाले.

१९७० साली याच गटाने गिनीपिगच्या मज्जेतील पेशी काचपात्रात विरळ पेरून पाहिल्या. बहुसंख्य पेशी द्रवात तरंगत राहिल्या व द्रव बदलताना निघून गेल्या. फार थोड्या पेशी पात्राच्या तळास चिकटल्या. काही दिवसांनी त्या ठिकाणी लांबट, चातीसारख्या आकाराच्या पेशींचे वेगवेगळे पुंजके दिसू लागले. पेरलेल्या पेशींची संख्या दुप्पट केली की पुंजक्यांची संख्याही दुप्पट होई. या सरळ प्रमाणाचा अर्थ महत्त्वाचा आहे. एक पुंजका तयार होण्यास दोन किंवा अधिक पेशी एकत्र याव्या लागत असत्या, तर पेरणी दुप्पट केल्यावर पुंजके दुपटीहून अधिक वाढले असते. म्हणून प्रत्येक पुंजका एकाच पेशीची संतती असतो, असा निष्कर्ष निघाला. अशा पुंजक्यास निवह म्हणतात, आणि त्यास जन्म देणाऱ्या पेशीस निवहकारी पेशी म्हणतात.

पुढे एकेक निवह वेगळा वाढवून प्राण्यांच्या शरीरात बसविण्यात आला. तेव्हा काही निवहांनी हाड व मज्जेचा आधार अशी दोन्ही अंगे निर्माण केली, काहींनी केवळ हाड निर्माण केले, आणि काहींनी काहीच केले नाही. तात्पर्य, पात्रास चिकटून निवह करणारी प्रत्येक पेशी मूलपेशी नसते. त्यांतील काहीच तशा असतात. १९८८ साली फ्रीडेनश्टाइन आणि ऑक्सफर्ड येथील मॉरीन ओवेन यांनी या पेशींना आधार-ऊतकाच्या मूलपेशी असे संबोधिले. १९९१ साली अमेरिकेतील क्लीव्हलँड येथील आर्नल्ड कॅप्लन यांनी 'मेसेन्कायमी मूलपेशी' हे नाव सुचविले. गर्भावस्थेत मुख्यतः मध्यस्तरापासून निर्माण होणाऱ्या विरळ ऊतकास मेसेन्काइम म्हणतात. हाड, कूर्चा, चरबी इत्यादी ऊतके त्यापासून होतात. हेच नाव पुढे जगभर रूढ झाले.

विलगीकरणाची रीत

मनुष्याच्या मज्जेचा नमुना सामान्यतः कमरेच्या हाडाच्या कडेतून, जागा बधिर करून, जाड सुईने शोषून घेतात. मज्जा गोठू नये म्हणून तीत हेपारिन मिसळतात. दात्याची लेखी संमती व नीतिसमितीची अनुमती या दोन गोष्टी त्यापूर्वी झालेल्या असल्या पाहिजेत.

पुढील पायरी पेशींच्या घनतेतील फरकावर आधारलेली आहे. परीक्षानळीत फायकॉलयुक्त द्राव घेतात. त्याची घनता दर घन सेंटिमीटरास १.०७७ ग्रॅम ठेवलेली असते. त्यावर सौम्य केलेली मज्जा हळुवारपणे, थर न मोडता ओततात, आणि नळी केंद्रोत्सारक यंत्रात गुरुत्वाकर्षणाच्या सुमारे ४०० पट बलाने सुमारे अर्धा तास फिरवितात. तांबड्या पेशी व कणयुक्त पांढऱ्या पेशी जड असल्यामुळे तळाशी जातात. एकच अखंड केंद्रक असलेल्या पेशी द्रावाच्या पृष्ठावर दुधाळ कड्याच्या रूपाने थांबतात. यंत्र थांबविताना गतिरोधक वापरीत नाहीत; एकदम थांबल्यास हे कडे विस्कटते. ते कडे नलिकेने उचलून धुतात, पेशींची गणना करतात, आणि ट्रिपॅन ब्ल्यू या रंजकद्रव्याने मृत पेशी ओळखतात. मृत पेशीचे आवरण फुटलेले असल्यामुळे ती निळी होते. जिवंत पेशी रंगहीन राहते.

एवढे करूनही अपेक्षित पेशी हाती आल्या, असे म्हणता येत नाही. प्रौढ मनुष्याच्या मज्जेत दहा हजार ते एक लाख केंद्रकयुक्त पेशींमागे एखादीच निवहकारी पेशी आढळते. धान्याच्या राशीतून एक विशिष्ट दाणा वेचण्यासारखे हे काम आहे. ते साधते ते पेशीच्या एका स्वभावामुळे : ही पेशी प्लॅस्टिकच्या पृष्ठभागास चिकटते. पात्राचा पृष्ठभाग जलस्नेही केलेला असतो. त्यावर प्रथम रक्तरसातील फायब्रोनेक्टिनासारखी प्रथिने बसतात आणि पेशी त्या प्रथिनांस धरून राहते. एक ते तीन दिवसांनी द्रव बदलला की न चिकटलेल्या पेशी वाहून जातात. महाभक्षी पेशीही प्लॅस्टिकला चिकटतात, म्हणून पहिल्या पिढीचे संवर्धन शुद्ध समजू नये.

मेदऊतक, नाळेतील जेलीसारखा पदार्थ व दंतगर यांतूनही याच जातीच्या भासणाऱ्या पेशी मिळतात. मेदऊतकातून त्या मिळविताना प्रथम कोलॅजनेज या वितंचकाने ऊतकाचे बंध विरघळवावे लागतात.

संवर्धन आणि त्याची मर्यादा

शरीराबाहेर पेशी जगवावयाची म्हणजे शरीराचीच परिस्थिती लहान प्रमाणावर उभी करावयाची. उबवणपेटीत तापमान ३७ अंश सेल्सियस व हवा दमट ठेवतात. पेटीतील हवेत कार्बन डाय-ऑक्साइडचे प्रमाण ५ टक्के असते. हा वायू आणि माध्यमातील बायकार्बोनेट यांच्या समतोलामुळे द्रवाची अम्लता रक्ताइतकी राहते. पोषक माध्यमात लवणे, ग्लुकोज, ॲमिनो अम्ले व जीवनसत्त्वे असतात, आणि त्यात बहुधा १० टक्के गर्भस्थ वासराचा रक्तरस मिसळतात. या रक्तरसातील प्राणिज प्रथिने रोग्याच्या शरीरात जाऊ नयेत म्हणून उपचारासाठी पेशी वाढविताना अनेक प्रयोगशाळा त्याऐवजी मनुष्याच्या रक्तबिंबिकांचा अर्क वापरतात.

आठवड्यातून सुमारे दोनदा माध्यम बदलतात. दहा ते चौदा दिवसांत निवह स्पष्ट दिसू लागतात. पन्नास किंवा अधिक पेशी असतील तरच त्यास निवह मानण्याचा प्रघात आहे. एका पेशीस तेथवर पोहोचण्यास सुमारे सहा वेळा दुप्पट व्हावे लागते. पात्राचा तळ सत्तर ते ऐंशी टक्के व्यापला गेला की पेशी ट्रिप्सिन या वितंचकाने काही मिनिटांत सुट्या करतात, रक्तरस घालून ट्रिप्सिनाची क्रिया थांबवितात, आणि नव्या पात्रांत विरळ पेरतात. या क्रियेस उपसंवर्धन म्हणतात. महाभक्षी पेशी ट्रिप्सिनाने सहजी सुटत नाहीत व विभाजनही फारसे पावत नाहीत; त्यामुळे प्रत्येक उपसंवर्धनागणिक त्यांचे प्रमाण घटत जाते. साठवणीसाठी १० टक्के डायमिथिल सल्फॉक्साइड घातलेल्या द्रवात पेशी मिनिटास एक अंश या मंद गतीने थंड करून शेवटी द्रवरूप नायट्रोजनात ठेवतात. एकदम थंड केल्यास पेशीच्या आत बर्फाचे स्फटिक होऊन ती नष्ट होते.

येथे एक हिशेब करून पाहणे उद्बोधक ठरेल. समजा, एका नमुन्यातून पाच कोटी एककेंद्रकी पेशी मिळाल्या आणि त्यांत लाखामागे एक याप्रमाणे निवहकारी पेशी ५०० निघाल्या. उपचाराच्या चाचण्यांत शरीराच्या दर किलोग्रॅम वजनामागे वीस लाख पेशी हे प्रमाण पुष्कळदा वापरलेले आढळते. साठ किलोग्रॅम वजनाच्या रोग्यास त्या मानाने बारा कोटी पेशी लागतील. पाचशे पेशी अठरा वेळा दुप्पट झाल्यावर त्यांची संख्या तेरा कोटी दहा लाखांवर जाते. म्हणजे एका मात्रेसाठी अठरा वेळा विभाजन आवश्यक ठरते.

आता दुसरी बाजू पाहावी. मनुष्याच्या सामान्य पेशी संवर्धनात अमर्याद वाढत नाहीत, हे लेनर्ड हेफ्लिक व पॉल मूरहेड यांनी १९६१ साली दाखवून दिले. त्यांच्या गर्भज पेशी सुमारे पन्नास वेळा दुप्पट होऊन थांबल्या. प्रौढ मज्जेतील पेशींची मर्यादा त्याहून कमी असते. ती जवळ येऊ लागली की पेशी पसरट व मोठ्या होतात, विभाजन मंदावते आणि रूप पालटण्याचे सामर्थ्य घटते. म्हणून संख्या वाढविण्याच्या प्रत्येक पायरीवर पेशींचे वयही वाढत असते. किती वाढवावे आणि कोठे थांबावे, हा या शास्त्रातील केवळ तांत्रिक प्रश्न नव्हे. रोग्याच्या शरीरात नेमके काय जाणार, हे त्यावर ठरते.

पेशींची ओळख

निरनिराळ्या प्रयोगशाळांत निरनिराळ्या पेशींना एकच नाव दिले जाऊ लागले, तेव्हा गोंधळ माजणे स्वाभाविक होते. २००६ साली पेशी-उपचारविषयक आंतरराष्ट्रीय संस्थेने तीन किमान कसोट्या ठरविल्या. पहिली, प्रमाणित परिस्थितीत पेशी प्लॅस्टिकला चिकटली पाहिजे. दुसरी, किमान ९५ टक्के पेशींच्या पृष्ठभागावर सीडी १०५, सीडी ७३ व सीडी ९० ही प्रथिने असली पाहिजेत, आणि सीडी ४५, सीडी ३४ इत्यादी रक्तकुळाच्या खुणा २ टक्क्यांहून अधिक पेशींवर असता कामा नयेत. या खुणा प्रदीप्त प्रतिपिंडांच्या साहाय्याने मोजतात. तिसरी, प्रयोगशाळेत या पेशींपासून हाड, चरबी व कूर्चा या तिन्ही जातींच्या पेशी निर्माण करता आल्या पाहिजेत.

तिसऱ्या कसोटीची रीत अशी. डेक्सामेथॅसोन, ॲस्कॉर्बिक अम्ल व बीटा-ग्लिसरोफॉस्फेट यांच्या सान्निध्यात पेशी सुमारे तीन आठवडे ठेवल्यास त्यांच्याभोवती कॅल्शियमचे थर साचतात. ॲलिझरीनने ते तांबडे दिसतात. इन्सुलीन व अन्य द्रव्ये घातल्यास पेशींत चरबीचे थेंब जमतात. ते ऑइल रेड या रंगाने उठून दिसतात. सुमारे अडीच लाख पेशी एकत्र दाबून त्यांची गोळी केली आणि त्यांना विशिष्ट वृद्धिकारक प्रथिन दिले, तर कूर्चेचा आधारद्रव्य-पुंज तयार होतो. तो ॲल्शन ब्ल्यूने निळा होतो. १९९९ साली मार्क पिटेंजर व सहकाऱ्यांनी मनुष्याच्या प्रौढ मज्जेतील पेशींमध्ये या तिन्ही शक्ती आहेत, असे दाखविले. एकाच पेशीपासून वाढविलेल्या निवहांचेही त्यांनी परीक्षण केले होते.

परंतु या कसोट्या किमान आहेत, पुरेशा नाहीत. वरील तिन्ही प्रथिने त्वचेतील सामान्य तंतुजनक पेशींवरही आढळतात. कॅल्शियम साचणे म्हणजे हाड नव्हे. मरणोन्मुख पेशींभोवतीही कॅल्शियम साचू शकते. रंग चढला म्हणून मूलपेशी सिद्ध झाली, असे मानणे म्हणजे वर्दी पाहून शिपाई ओळखण्यासारखे आहे. खरी कसोटी फ्रीडेनश्टाइन यांनी दाखविली तीच : एका पेशीची संतती शरीरात बसवावी, आणि तिने संपूर्ण ऊतक घडविले की नाही ते पाहावे. २००७ साली रोम येथील पाओलो बियांको यांच्या गटाने मनुष्याच्या मज्जेतील सूक्ष्म रक्तवाहिन्यांच्या भिंतीलगत असणाऱ्या पेशी याच रीतीने तपासल्या आणि त्या हाडाबरोबर रक्तनिर्मितीस योग्य असे वातावरणही निर्माण करतात, हे सिद्ध केले. या पेशींचे नैसर्गिक स्थान त्यामुळे निश्चित होऊ लागले.

नावाचा वाद आणि रोग्याचे हित

या पेशी शिरेवाटे दिल्यास बहुतेक फुप्फुसांतील सूक्ष्म वाहिन्यांत अडकतात आणि काही दिवसांतच नाहीशा होतात. तरीही प्रतिकारयंत्रणेवर त्यांचा परिणाम दिसतो. तो मुख्यतः त्यांनी स्रवलेल्या द्रव्यांमुळे होतो. नवे ऊतक घडविणे आणि दाह शमविणे, ही दोन कार्ये भिन्न आहेत. हे ध्यानात घेऊन २०१७ साली स्वतः कॅप्लन यांनीच आपण रूढ केलेले नाव बदलावे, असे आवाहन केले. 'मूलपेशी' हा शब्द रोग्यास गमावलेला अवयव परत मिळण्याची आशा दाखवितो आणि त्या आशेचा बाजार मांडला जातो, ही त्यांची चिंता होती.

ती निराधार नव्हती. २०१५ साली अमेरिकेतील फ्लॉरिडा राज्यात दृष्टिपटलाचा विकार असलेल्या तीन स्त्रियांच्या दोन्ही डोळ्यांत, त्यांच्याच चरबीतून काढलेल्या पेशी मूलपेशी म्हणून टोचण्यात आल्या. तिघींचीही दृष्टी अत्यंत खालावली. २०१७ साली हा वृत्तांत वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. पेशी रोग्याच्या स्वतःच्या आहेत, एवढ्याने त्या निर्धोक ठरत नाहीत, हा त्याचा धडा होय.

सावकाश व शिस्तीने केलेल्या संशोधनाची फळेही मिळाली आहेत. २००४ साली स्टॉकहोम येथे मज्जारोपणानंतरच्या तीव्र प्रतिक्रियेने ग्रासलेल्या एका नऊ वर्षांच्या मुलास त्याच्या आईच्या मज्जेतून वाढविलेल्या पेशी दिल्याने गुण आल्याचा वृत्तांत प्रसिद्ध झाला. त्यानंतर वीस वर्षांनी, डिसेंबर २०२४ मध्ये, अमेरिकेतील औषध-नियंत्रण प्रशासनाने याच विकाराने पीडित व स्टेरॉइडांना दाद न देणाऱ्या बालरुग्णांसाठी अशा पेशींच्या औषधास मान्यता दिली. याउलट, युरोपात २०१८ साली मान्यता मिळालेले एक पेशी-औषध पुढील मोठ्या चाचणीत अपेक्षित लाभ न दिसल्यामुळे २०२४ साली मागे घेण्यात आले. मान्यता हाही शेवटचा शब्द नसतो. पुरावा बदलला की निर्णय बदलावा लागतो.

भारतात भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद व जैवतंत्रज्ञान विभाग यांनी २०१७ साली राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. रक्तविकारांसाठी रूढ असलेले रक्त-मूलपेशींचे रोपण वगळता, मान्यता न मिळालेला मूलपेशी-उपचार अनुमत चाचणीबाहेर करू नये, असे त्यांत सांगितले आहे. रोग्याच्या दृष्टीने व्यवहारातील खूण सोपी आहे : जो उपचार अद्याप चाचणीच्या अवस्थेत आहे, त्याची माहिती, धोके व अनुमती लेखी मागावी, आणि त्यासाठी रोग्याकडून मोठी रक्कम घेतली जात असेल तर सावध व्हावे.

मज्जेतील लाखांमधील एक पेशी हुडकून काढणे अवघड होते. ती खरोखर काय करते, हे सिद्ध करणे त्याहून अवघड आहे. या दोहोंमधील अंतर ज्यांनी ओळखले, त्यांच्याच हातून हे शास्त्र पुढे गेले आहे.

स्वाध्याय

१. पेरलेल्या पेशी व निवह यांची संख्या समप्रमाणात वाढते, यावरून कोणता निष्कर्ष निघतो? का?

२. प्रत्यारोपित मज्जेत हाड दात्याचे आणि रक्तपेशी ग्राहकाच्या निघाल्या. दोन्ही दात्याच्या निघाल्या असत्या, तर कोणता निष्कर्ष काढता आला नसता?

३. ५०० निवहकारी पेशींऐवजी ५,००० मिळाल्यास बारा कोटी पेशींसाठी किती वेळा दुप्पट व्हावे लागेल, ते काढा. त्याचा पेशींच्या वयाशी कोणता संबंध आहे?

४. 'कॅल्शियम साचले, म्हणून हाड झाले' या विधानातील उणीव स्पष्ट करा.